सीएच३४० चिपसाठी लिनक्स ड्रायव्हर: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम असं: सीएच३४० मालिकेतल्या यूएसबी-सिरियल चिपसाठी (यूएसबीला सिरियल पोर्टशी जोडणारी चिप) कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चढवायचा ड्रायव्हर, कोऱ्या फाइलपासून लिहायचं. कर्नलमध्ये सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर आधीपासून आहे आणि तो चांगला आहे, त्याची जागा घ्यायचा विचार नाही. कोणत्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या खान्यात) काय लिहिलं की तारेवर काय उमटतं, हे मोजून कागदावर आणायचं आहे. चिपचे कागद या बाबतीत फार कमी बोलतात.

साहित्य: सीएच३४०जी चे दोन बोर्ड, सीएच३४०सी चा एक, समोरच्या टोकाला एफटी२३२आर या दुसऱ्या यूएसबी-सिरियल चिपचा एक, २४ मेगाहर्ट्झचा ८ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर (तारेवरचे शून्य-एक टिपणारं यंत्र), जम्पर वायरी. डेबियन १२, कर्नल ६.१, त्याच आवृत्तीचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली). नोंदींत हेक्स (सोळाच्या पायातला) आकडा आला की बहुतेक ठिकाणी आधी ‘हेक्स’ लिहिलं आहे, ए ते एफ अक्षरं देवनागरीत.

बोर्ड लावण्याआधी मल्टिमीटर. ३४०जी ला बाहेरून १२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल लागतं, पिन ७ आणि ८ वर. ३४०सी मध्ये ऑसिलेटर आतच आहे. पिन ४ म्हणजे व्ही३: चिपला ५ व्होल्ट देत असाल तर तिथून जमिनीकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा आणि तिथे ३.३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. चिप ३.३ व्होल्टवर चालवत असाल तर व्ही३ थेट पिन १६ ला, म्हणजे व्हीसीसीला जोडायचा. क्रिस्टल सुरू झालं नाही तर चिप पत्ताच घेत नाही, कर्नल लॉगमध्ये उणे ७१ (प्रोटोकॉलची चूक) किंवा उणे ११० (वेळ संपली) येत राहतं. ते दिसलं की कोड उघडायचा नाही, सोल्डरिंग बघायचं.

४ जून

डिस्क्रिप्टर, म्हणजे डिव्हाइस स्वतःबद्दल देतं ती माहिती, वाचले. विक्रेता क्रमांक हेक्स १ए८६, उत्पादन क्रमांक हेक्स ७५२३. एकच इंटरफेस, वर्ग हेक्स एफएफ, म्हणजे कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल. सीडीसी-एसीएम या प्रमाणित यूएसबी-सिरियल प्रोटोकॉलचा सर्वसाधारण ड्रायव्हर इथे चालणार नाही. एंडपॉइंट (डेटाच्या वाटा; बल्क मुख्य डेटाची, इंटरप्ट छोट्या सूचनांची) तीन: बल्क आत हेक्स ८२ आणि बल्क बाहेर हेक्स ०२, दोन्ही ३२ बाइटचे, आणि इंटरप्ट आत हेक्स ८१, ८ बाइटचा. अनुक्रमांकाची स्ट्रिंग नाही. याचा त्रास शेवटी येणार आहे.

आपलं मॉड्यूल लागण्याआधी दुसरं कोणी डिव्हाइस धरतं का, ते आधी बघा. पहिला दावेदार कर्नलमधला सीएच३४१. त्याला मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) ब्लॅकलिस्टमध्ये टाकलं. दुसरा उबुंटू २२.०४ वर भेटतो: ब्रेल डिस्प्ले चालवणारा बीआरएलटीटीवाय. एका ब्रेल उपकरणाचा क्रमांकही हाच १ए८६:७५२३ आहे, त्यामुळे त्याचा यूडेव्ह नियम (डिव्हाइस लागल्यावर काय करायचं ते सांगणारा) आपला कन्व्हर्टर ओढून घेतो आणि पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होतो. पॅकेज सरसकट काढून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्या मशीनवर कोणी ब्रेल वापरत असेल तर त्याचा पडदाच बंद होईल. नियमांच्या फाइलमधली या एका क्रमांकाची ओळ बंद केली की पुरतं.

६ जून

सांगाडा उभा राहिला. यूएसबी-सिरियल कोअर (अशा सगळ्या ड्रायव्हरांचा कर्नलमधला सामाईक भाग) इतकं काम करतो की पहिल्या दिवशी ड्रायव्हर दीडशे ओळींच्या आत बसतो. टीटीवायची (प्रोग्रामला दिसणाऱ्या सिरियल पोर्टची) नोंदणी, वाचायचे आणि लिहायचे यूआरबी (यूएसबीवरच्या एकेका देवाणघेवाणीच्या विनंत्या), बाहेर जाणाऱ्या बाइटची रांग, डिव्हाइस उपटल्यावरची आवराआवर, सगळं कोअर आणि त्यातलं जेनेरिक (तयार सर्वसाधारण फंक्शनं) सांभाळतात. ड्रायव्हरच्या वाट्याला उरतो तो दुभाषाचा धंदा. टर्मिऑसमध्ये (पोर्टच्या वेग वगैरे सेटिंगच्या रचनेत) मागितलेलं चिपच्या भाषेत सांगायचं, आणि चिपने प्रत्यक्षात जे केलं ते परत वर कळवायचं. दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात.

रचनेत पोर्टची संख्या १ दिली, आणि किमान एक बल्क आत, एक बल्क बाहेर, एक इंटरप्ट आत हवा असंही लिहिलं. ही किमान अट लिहायलाच हवी. नाहीतर मोडकं किंवा मुद्दाम बिघडवलेलं डिव्हाइस लागलं, त्यात इंटरप्ट एंडपॉइंट नसला, तर पोर्ट उघडताना नल पॉइंटरवर (रिकाम्या पत्त्यावर) कर्नल पडतो.

पहिल्या इन्समॉडला (मॉड्यूलची फाइल थेट चढवणारी आज्ञा) ‘अनोळखी सिंबॉल’ अशी तक्रार आली. इन्समॉड अवलंबित मॉड्यूल स्वतःहून आणत नाही, आधी मॉडप्रोबने यूएसबीसिरियल चढवायचं. परवान्याची ओळ जीपीएल नसेल तरी मॉड्यूल अडतं, कारण कोअरची फंक्शनं फक्त जीपीएल मॉड्यूलना दिलेली आहेत. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर मॉड्यूलवर सही लागते.

टीटीवाययूएसबी० हा पोर्ट दिसला. पिन २ आणि ३ (पाठवण्याची आणि घेण्याची) जोडून लूपबॅक केला. काहीच आलं नाही. बरोबर आहे, चिपला अजून वेगच सांगितलेला नाही.

९ जून

कंट्रोल संदेश, म्हणजे चिपला द्यायच्या आज्ञा. चिपला लागणाऱ्या विनंत्या मोजक्याच: हेक्स ५एफ आवृत्ती वाचायला, हेक्स ए१ सिरियल भाग सुरू करायला, हेक्स ९ए रजिस्टर लिहायला, हेक्स ९५ वाचायला, हेक्स ए४ मोडेमच्या रेषा (डेटाखेरीजच्या, इशाऱ्याच्या तारा) हलवायला. बाहेर जाणाऱ्या विनंतीचा प्रकार हेक्स ४०, आत येणाऱ्याचा हेक्स सी०. एका ९ए मध्ये दोन रजिस्टरं भरता येतात: व्हॅल्यूमध्ये दोन्ही पत्ते, इंडेक्समध्ये दोन्ही किमती.

आवृत्ती वाचण्याचा पहिला प्रयत्न फसला, उणे ११ आणि सोबत ‘बफर डीएमएयोग्य नाही’ असा लांबलचक इशारा. दोन बाइटचा बफर स्टॅकवर ठेवला होता. होस्ट कंट्रोलर त्या जागेत थेट लिहितो, म्हणून बफर केमॅलॉकने (कर्नलचं मेमरी देणारं फंक्शन) घ्यावा लागतो, मग तो दोनच बाइटचा का असेना. ५.१० पासून कर्नलमध्ये कंट्रोल संदेश वाचण्याचं एक सहायक फंक्शन आहे, ते आतल्या आत बफर घेतं आणि मागितल्यापेक्षा कमी बाइट आले तर चूकही परत देतं. सगळीकडे तेच वापरलं. अर्धवट आलेलं उत्तर पूर्ण समजून पुढे जाणं हा यूएसबी ड्रायव्हरमधला फार जुना रोग आहे.

पोर्ट-प्रोबमधला (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधला) क्रम: आवृत्ती वाचा, ए१ पाठवा, वेग आणि लाइन-कंट्रोल लिहा, शेवटी मोडेम रेषा.

१२ जून

तीन दिवस बॉड रेटवर (दर सेकंदाला किती बिट) गेले, आणि ते कारणी लागले.

चिपचं मूळ घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ. वेग मिळतो तो असा: ४,८०,००,००० भागिले (२ चा घात [१२ − ३ × प्रीस्केलर − फॅक्टर] गुणिले भाजक). प्रीस्केलर ० ते ३, फॅक्टर ० किंवा १. भाजक २५६ पर्यंत. फॅक्टर ० असेल तर भाजक किमान २, फॅक्टर १ असेल तर किमान ९. या सूत्राची खालची हद्द ४६ बॉड, वरची ३० लाख. प्रीस्केलर रजिस्टर हेक्स १२ मध्ये, भाजक हेक्स १३ मध्ये, तोही २५६ मधून वजा करून.

१,१५,२०० चं गणित: प्रीस्केलर ३, फॅक्टर १ धरला तर भाजक १०४.१७, म्हणजे १०४. सम आहे, म्हणून निम्मा करून ५२ आणि फॅक्टर ०. वेग तोच राहतो, पण मूळ घड्याळ हळू असलं की चिपचा रिसीव्हर समोरच्याची चूक जास्त पोटात घालतो, म्हणून सम भाजक आला की नेहमी हेच करायचं. २५६ वजा ५२ म्हणजे २०४, हेक्स सीसी. यूएसबीमॉनमध्ये (यूएसबीवरची देवाणघेवाण दाखवणारी कर्नलची सोय) ही ओळ दिसली पाहिजे, आकडे हेक्समध्ये:

एस सीओ:१:००५:० एस ४० ९ए १३१२ सीसी८३ ०००० ०

४० विनंतीचा प्रकार, ९ए रजिस्टर लिहा, १३१२ दोन रजिस्टरांचे पत्ते, सीसी भाजक, ८३ मधला ३ प्रीस्केलर. वरच्या ८ ची गोष्ट उद्याच्या नोंदीत. ९,६०० साठी तीच जागा बी२८२ ने भरते, प्रीस्केलर २ आणि भाजक ७८.

प्रत्यक्ष वेग १,१५,३८५, म्हणजे ०.१६ टक्के जास्त. काही बिघडत नाही. ८एन१ मध्ये (८ डेटा बिट, पॅरिटी म्हणजे चूक ओळखायचा बिट नाही, १ स्टॉप बिट) शेवटचा बिट वाचला जातो तो स्टार्टपासून साडेनऊ बिटांवर. तोपर्यंत अर्ध्या बिटाचं सरकणं चालतं, म्हणजे दोन्ही टोकांची मिळून सव्वापाच टक्के, तेही कागदावर. व्यवहारात एका टोकाने दोन टक्क्यांच्या आत राहावं.

आता ९,२१,६०० घ्या, सगळा धडा इथे आहे. या चिपच्या ड्रायव्हरमध्ये पूर्वी एक जादूचा आकडा असायचा, १,५३,२६,२०,८००. त्याला बॉड रेटने भागायचं, ६५,५३६ मधून वजा करायचं आणि वरचा बाइट भाजक म्हणून लिहायचा. १,१५,२०० ला उत्तर सीसी, अगदी बरोबर. ९,२१,६०० ला उत्तर एफ९, म्हणजे भाजक ७. ४८ मेगाहर्ट्झ भागिले ५६: ८,५७,१४३ बॉड. सात टक्के कमी. साडेनऊ बिटांत दोन-तृतीयांश बिट सरकतो आणि समोर कचरा येतो. त्या सूत्रात फॅक्टर १ नव्हताच. तो धरला की भाजक १३, वेग ९,२३,०७७, चूक पुन्हा ०.१६ टक्के, रजिस्टरमध्ये एफ३८७.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर हेक्स ५५, म्हणजे मोठं ‘यू’ अक्षर, एकामागोमाग एक पाठवत राहा. स्टार्ट शून्य, मग एक-शून्य-एक-शून्य, स्टॉप एक. खंड न पडता तार शुद्ध चौकोनी लहर दाखवते आणि तिची वारंवारता बॉडच्या निम्मी असते. जुन्या सूत्राने ४२८.६ किलोहर्ट्झ, नव्याने ४६१.५. हवी होती ४६०.८. एका बिटाची रुंदी मोजू नका. २४ मेगाहर्ट्झवर एक नमुना ४२ नॅनोसेकंदांचा, बिट १०८५ नॅनोसेकंदांचा, मोजमापातच चार टक्क्यांची चूक बसते. शंभर बिटांची रुंदी मोजून भागा.

अ‍ॅनालायझर का हवाच, तेही इथेच लिहून ठेवतो. समोरच्या एफटी२३२आर चं मूळ घड्याळ ३ मेगाहर्ट्झ, भाजक आठव्या हिश्श्यापर्यंत बारीक. १,१५,२०० साठी तो २६ ने भागतो, येतात १,१५,३८५. ९,२१,६०० साठी सव्वातीनने, येतात ९,२३,०७७. दोन्ही चिप एकाच बाजूला, तेवढ्याच चुकतात. एकमेकींना जोडून चाचणी घेतली तर चूक शून्य वाटते. लूपबॅक तर त्याहून फसवा, कारण तिथे चिप स्वतःशीच बोलते: जुन्या सूत्राच्या सात टक्क्यांनाही लूपबॅक पास देतो.

काही वेग तंतोतंत बसतात: मिडीचे (वाद्यं जोडणारा प्रोटोकॉल) ३१,२५० आणि डीएमएक्सचे (रंगमंचाच्या दिव्यांचा प्रोटोकॉल) २,५०,०००. ईएसपी८२६६ हा वाय-फाय चिप सुरू होताना ज्या ७४,८८० वर बोलतो तिथे ७५,००० मिळतात, चालतात. असा यादीबाहेरचा वेग मागायला प्रोग्रामने टर्मिऑस२ आणि बीओदर (हवा तो वेग मागायची सोय) वापरावं लागतं.

आणि वर कळवण्याचा भाग. सेट-टर्मिऑस फंक्शनच्या शेवटी खरा वेग टीटीवायला परत दिला. कोअर दोन टक्क्यांपर्यंतचा फरक मागितलेल्या वेगातच धरतो, त्यामुळे १,१५,३८५ मिळाले तरी एसटीटीवाय (पोर्टच्या सेटिंग दाखवणारी-बदलणारी आज्ञा) १,१५,२०० च दाखवते. फरक सात टक्के असता तर तिथे मागितलेला वेग दिसलाच नसता आणि घोळ पहिल्याच दिवशी कळला असता.

१३ जून

लूपबॅकवर एक अक्षर टाइप केलं, परत आलं नाही. दहा टाइप केली, नाहीत. बत्तिसावं दाबलं आणि सगळी एकदम आली. मोठी फाइल पाठवली तर शेवटचे काही बाइट अडकून राहतात, ते कधी सात तर कधी तीस. फाइलच्या लांबीला ३२ ने भागून उरलेली बाकी आणि अडकलेले बाइट नेमके जुळतात.

कारण: एंडपॉइंटचं पूर्ण पॅकेट भरेपर्यंत चिप डेटा स्वतःकडे धरून ठेवते. प्रीस्केलर रजिस्टरचा सातवा बिट १ केला की आलेलं लगेच सोडते. कालच्या ८३ मधला ८ तो हाच. पण हेक्स २७ आवृत्तीच्या निदान एका चिपमध्ये हा बिट उलटा चालतो, म्हणून २७ च्या वरच्या आवृत्तीलाच तो लावायचा.

१६ जून

लाइन-कंट्रोल रजिस्टर हेक्स १८. पुढचे आकडेही हेक्स: रिसीव्हर चालू ८०, ट्रान्समीटर चालू ४०, मार्क-स्पेस २०, सम पॅरिटी १०, पॅरिटी चालू ०८, दोन स्टॉप बिट ०४, खालचे दोन बिट शब्दाची लांबी. ८एन१ म्हणजे सी३. आवृत्ती हेक्स ३० च्या खाली असेल तर या रजिस्टराला हात लावायचा नाही, तिथे व्यवस्था वेगळी आहे.

६.१ पासून सेट-टर्मिऑसला मिळणारा जुना टर्मिऑस ‘कॉन्स्ट’ (बदलता न येणारा) आहे. जुना कोड आणून चिकटवला तर कंपायलर इथे अडवतो.

१८ जून

मोडेम रेषा. बाहेर जाणाऱ्यांत डीटीआर बिट ५, आरटीएस बिट ६, आणि ए४ विनंतीत किंमत उलटवून पाठवायची. परत येणाऱ्या सीटीएस, डीएसआर, आरआय, डीसीडी याही उलट्याच, खालच्या चार बिटांत. बदल झाला की इंटरप्ट एंडपॉइंटवर पॅकेट येतं, स्थिती त्याच्या तिसऱ्या बाइटमध्ये. चार बाइटपेक्षा कमी आले तर पॅकेट सोडून द्यायचं.

इंटरप्ट कॉलबॅकमध्ये (असं पॅकेट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपता, म्हणजे थांबून वाट बघता, येत नाही. तिथून कंट्रोल संदेश पाठवायचा नाही, म्युटेक्स (वाट बघायला लावणारं कुलूप) घ्यायचा नाही, यूआरबी परत सोडताना (मेमरी न झोपता मागायची म्हणून) जीएफपी-अ‍ॅटॉमिक. स्थिती स्पिनलॉकखाली (न झोपता घ्यायचं कुलूप) बदलायची. यूआरबी रद्द झाल्याची किंवा डिव्हाइस गेल्याची स्थिती आली तर तो पुन्हा सोडायचा नाही.

पोर्ट उघडण्याच्या मार्गात एक चूक सापडली. आधी इंटरप्ट यूआरबी सोडला, मग स्थिती वाचली, ती वाचताना चूक आली आणि फंक्शन तसंच परतलं. यूआरबी मागे चालूच राहिला. चढलेल्या क्रमाच्या उलट उतरायचं: स्थिती फसली की यूआरबी मारा, मग परता. वाचताना मुद्दाम चूक परत देऊन हा मार्ग तपासला. एरवी तो कधी चालतच नाही, म्हणून तिथल्या चुका वर्षानुवर्षं राहतात.

अर्डुइनो नॅनोच्या सीएच३४० वाल्या बोर्डांत डीटीआर १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जातो. पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो, ती ड्रायव्हरची चूक नाही. एसटीटीवायने एचयूपीसीएल (पोर्ट बंद होताना रेषा खाली आणायची सेटिंग) बंद केलं की पोर्ट बंद होताना डीटीआर खाली येत नाही, पुढच्या वेळी उघडताना कडा येत नाही आणि रीसेटही होत नाही. प्लग लावल्यानंतरची पहिली उघडझाप मात्र टळत नाही.

२० जून

बुधवार पेठेतून आणलेल्या काही बोर्डांपैकी एकावर ब्रेकचं (तार मुद्दाम बराच वेळ खाली धरण्याचं) रजिस्टर हेक्स ०५ वाचताना उणे ३२ आलं, म्हणजे चिपने विनंती नाकारून स्टॉल दिला. या उपप्रकाराला ब्रेक पाठवता येत नाही, आणि प्रीस्केलर ३ च्या खाली असेल तर फॅक्टर १ ही चालत नाही. क्रमांक तोच, दिसायला चिप तीच. ओळखायची खूण हा स्टॉलच. कर्नलमधला ड्रायव्हरही असाच ओळखतो. प्रोबमध्ये ०५ वाचायचं, उणे ३२ आलं तर दोन्ही मर्यादा लावायच्या. दुसरी कुठली चूक आली तर प्रोब फसवायचा, अंदाज करायचा नाही.

११० बॉडवर फरक दिसतो: एरवी भाजक २१३ आणि फॅक्टर १, वेग ११०.०४. मर्यादित चिपवर भाजक १०७, वेग १०९.५, अर्ध्या टक्क्याच्या आत.

ब्रेकचं सोंग असं आणतात: वेग ४६ बॉडवर उतरवून शून्य बाइट पाठवायचा. नऊ बिट तार खाली राहते, जवळजवळ २०० मिलिसेकंद. मग पूर्वीचा वेग परत. ६.५ पासून ब्रेकचं फंक्शन चूक परत देऊ शकतं, पुढच्या आवृत्तीत ते वापरायचं.

२३ जून

उपटून बघण्याच्या चाचण्या. पिकोकॉम हा सिरियल टर्मिनलचा प्रोग्राम चालू असताना केबल काढली, कोअरने टीटीवाय बंद केला, पिकोकॉम बाहेर पडला. एखाद्या प्रोग्रामने पोर्ट धरूनच ठेवला तर पुन्हा लावल्यावर डिव्हाइस टीटीवाययूएसबी१ होतं. वापरणाऱ्याला वाटतं पोर्ट गेला.

लॅपटॉप झोपवून उठवला. यूएसबीची वीज गेली असेल तर चिपची रजिस्टरं कोरी होतात. रीसेट-रिझ्यूमचं फंक्शन दिलं नाही तर कोअर डिव्हाइस नव्याने बाइंड करतो आणि उघडा पोर्ट हातचा जातो. आता तिथे वेग, लाइन-कंट्रोल, मोडेम रेषा पुन्हा लिहिल्या जातात, पोर्ट उघडा असेल तर इंटरप्ट यूआरबी पुन्हा सोडला जातो, मग जेनेरिकचा रिझ्यूम.

२५ जून

दोन सीएच३४०जी एकाच मशीनला लावले. अनुक्रमांक नसल्याने ‘बाय-आयडी’ या दुव्यांच्या फोल्डरमधलं नाव दोघांचं एकच, आणि एकच दुवा उरतो. ‘बाय-पाथ’ वापरा, म्हणजे नाव यूएसबीच्या भोकाला चिकटतं. भोकांवर रंगीत टेप लावून ठेवली.

१ मेबीबाइटची (१०,४८,५७६ बाइट) यादृच्छिक फाइल सीएच३४० कडून एफटी२३२आर कडे, दोन्ही टोकांना रॉ मोड (टीटीवाय डेटात काही बदलत नाही असा), चेकसम जुळवून. १,१५,२०० वर हिशेबाने ९१ सेकंद लागतात, ९,२१,६०० वर साडेअकरा. यापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर बाइट हरवत नसले तरी यूआरबी वेळेवर परत जात नाहीत असं समजायचं.

राहिलेलं: हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याला तारेवरून ‘थांब’ सांगायची सोय. आजच्या मॉड्यूलमध्ये ते नाही. आतापर्यंत सीआरटीएससीटीएस (ते चालू करायची सेटिंग) मागितलं तर मॉड्यूल गप्प बसायचं आणि प्रोग्राम फ्लो कंट्रोल चालू आहे असं समजून पाठवत सुटायचा. आज सेट-टर्मिऑसमध्ये तो बिट पुसून टाकला. आता एसटीटीवायने सीआरटीएससीटीएस मागितलं की ती सेटिंग परत वाचते, जुळत नाही म्हणून बघते, आणि मागितलेलं सगळं करता आलं नाही असं सांगून चूक दाखवणारा कोड देऊन थांबते.